आधी वर्गात, मग मैदानात

जुलै उजाडला की पुण्यातल्या काही छोट्या कॉलेजांच्या जिमखान्यातून लांबचे फोन लागतात. इंफाळ, ऐझॉल, कोझिकोड, मडगाव. पलीकडे ओळखीतला कोच असतो किंवा जुना खेळाडू. मागणी ठरलेली: एक स्ट्रायकर, एक स्टॉपर, जमलं तर गोलकीपर. बदल्यात फी माफ, हॉस्टेलची खोली, मेस आणि हातखर्चाला थोडे पैसे. मुलगा येतो, एफवायबीएला नाव लागतं, चिखलात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, करंडक येतो, प्राचार्यांच्या केबिनमध्ये फोटो निघतो. पुढच्या जुलैत त्या मुलाची चौकशी करून पाहा. एसवायला गेला का? पास झाला का? गावी परतला का? जिमखान्यात कुणाला सांगता येत नाही. तोवर पुढचा फोन लागलेला असतो.

यावर शहरात दोनच सूर लागतात. पहिला म्हणतो, आमच्या पोरांना बाजूला सारून बाहेरची भरती कशाला, सगळे स्थानिकच खेळवा. दुसरा म्हणतो, स्थानिकांत दम असता तर बाहेर गेलोच नसतो. दोन्ही सूर मला चुकीचे वाटतात. पहिला मुलाचा जन्मदाखला बघतो, दुसरा फक्त स्कोअर. कॉलेजने बघायचं असतं ते मुलाचं हजेरीपत्रक. जो मुलगा वर्गात बसतो, परीक्षा देतो आणि तीन वर्षं इथे राहतो तो आपला. मग तो चुराचांदपूरचा असो की चिंचवडचा. आणि जो फक्त स्पर्धेपुरता आणला जातो त्याच्यावर अन्याय होतो, तोही अगदी चिंचवडचा असला तरी.

प्राचार्य हे का करतात, ते नीट समजून घेऊ. नॅकच्या मूल्यांकनात विद्यापीठ, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या पदकांची मोजणी होते. आकड्याला गुण असतात. पदक मिळवणारा मुलगा कॉलेजात कधी आला आणि कधी गेला, हे त्या रकान्यात भरावं लागत नाही. छोट्या कॉलेजकडे फर्ग्युसनची १८८५ पासूनची पुण्याई नसते की एसपीची १९१६ पासूनची. प्रवेशाच्या वेळी बाहेर फ्लेक्स लावायला काहीतरी हवं असतं. फुटबॉलचा करंडक हा त्यातला स्वस्त मार्ग: तीन मुलांची फी सोडली की काम झालं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तीन वर्षं घडवायला कोच लागतो, मैदान लागतं, धीर लागतो, आणि त्याचा फ्लेक्स चौथ्या वर्षी लागतो. संचालक मंडळाला तेवढा वेळ नसतो.

आता स्थानिक मुलाकडे वळू. हा मुलगा शाळेत खेळत होता. सुब्रोतो चषकाला खेळला, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या स्पर्धेला खेळला. राज्य पातळीपर्यंत पोचला तर दहावीला आणि बारावीला सवलतीचे क्रीडागुणही मिळतात. गुण पदरात पडले की बूट माळ्यावर जातात. कारण बारावीनंतर घरातल्या हिशेबात फुटबॉलला जागा राहत नाही. सीईटी, क्लास, इंजिनिअरिंग. पालकांना मी दोष देणार नाही. मुलाने कॉलेजात फुटबॉल खेळून काय मिळवायचं, याचं उत्तर त्यांना कुणी दिलेलंच नाही. आणि जो तरीही हट्टाने ट्रायलला येतो, त्याला तिथे कोण भेटतं? आंतरविद्यापीठ स्पर्धेत २५ वर्षांपर्यंतचा विद्यार्थी खेळू शकतो. म्हणजे अठरा वर्षांच्या एफवायच्या पोरासमोर दुसऱ्या राज्याच्या लीगमध्ये चार-पाच सीझन काढलेला तेवीस वर्षांचा गडी उभा राहतो, आणि कागदावर दोघेही एफवायचेच. पोरगं बेंचवर जातं. पुढच्या वर्षी ट्रायललाही येत नाही.

खरी गोम मात्र स्पर्धेच्या रचनेत आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे कॉलेजची स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होते. साधा हिशेब करा. सोळा संघ असतील तर एकूण सामने पंधरा. आठ संघ पहिल्याच सामन्यात घरी. या आठ कॉलेजांतल्या मुलांनी अख्ख्या शैक्षणिक वर्षात एक स्पर्धात्मक सामना खेळलेला असतो. एक! जून-जुलैत प्रवेश, ऑगस्टात ट्रायल, दहा-पंधरा दिवसांचा सराव, एक सामना, संपलं वर्ष. या वेळापत्रकात अठरा वर्षांचा मुलगा सुधारणार कधी? चूक करून, हरून, पुढच्या रविवारी दुरुस्त करायला त्याच्यासाठी पुढचा रविवारच नसतो. अशा स्पर्धेत तयार खेळाडू आणणाराच जिंकणार. भरतीचा हा सगळा बाजार बाद पद्धतीने उभा केलाय.

आता याच सोळा संघांचे आठ-आठचे दोन गट करा आणि लीग खेळवा. प्रत्येक संघाला सात सामने. गटात २८, दोन्ही गटांत ५६. दर रविवारी आठ सामने, दोन मैदानांवर चार-चार, सात रविवारांत लीग पूर्ण. पाऊस ओसरल्यावर सुरू केली तर दिवाळीची सुट्टी आणि परीक्षा सांभाळूनही हिवाळ्यात बसते. सात सामन्यांत भरतीचा एकटा स्ट्रायकर पुरत नाही. एकदा त्याचा पाय मुरगळतो, एकदा त्याला दोन पिवळी कार्डं मिळतात, एकदा पेपर असतो. तेव्हा बेंचवरचा वानवडीचा मुलगा आत येतो. पहिल्या सामन्यात गडबडतो, पाचव्या सामन्यात गोल मारतो. लीगमध्ये कॉलेजला अठरा मुलं घडवावीच लागतात, कुणाची इच्छा असो वा नसो.

महाराष्ट्रातच याचा दाखला आहे. कोल्हापूर. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस असे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठा ओस पडतात. बाहेरचे खेळाडू तिथेही येतात, थेट नायजेरियाहून आलेलेही खेळून गेलेत, आणि त्यावरून वादही रंगतात. पण तालमीचा संघ गल्लीतल्या पोरांवर उभा असतो आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची (केएसए) लीग महिनोन्महिने चालते, म्हणून बाहेरचा आला तरी गल्लीतला मुलगा संपत नाही. तो त्याच्याशी भिडतो, शिकतो. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आला, पुणे एफसीच्या कुमार संघात खेळला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून उतरला. पुण्याला अनिकेत बाहेरगावचाच होता. त्याला लहान वयात आणलं, ठेवून घेतलं, शिकवलं, म्हणून आज पुणं त्याच्यावर हक्क सांगू शकतं.

आशिक कुरुनियनचंही तेच. मलप्पुरमचा मुलगा, किशोरवयात पुणे एफसीच्या अकादमीत आला, पुढे एफसी पुणे सिटीकडून खेळला, आणि २०१९ च्या आशिया चषकात भारताच्या संघात होता. परराज्यातला मुलगा कसा आणावा, याचा धडा पुण्यातच लिहिलेला आहे. लवकर आणा, राहू द्या, वाढू द्या.

उलटा धडाही पुण्यातच आहे, आणि तो महागडा आहे. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी सुरू झाली तेव्हा डेव्हिड ट्रेझेगे आणला, पुढच्या वर्षी एड्रियन मुटू, प्रशिक्षक म्हणून डेव्हिड प्लॅट. पाच हंगामांत प्रशिक्षक बदलत राहिले. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो आणि अल्फारोच्या जोरावर उपांत्य फेरी गाठली, बंगळुरूकडून हरले, आणि २०१९ मध्ये क्लब बंद. त्याची जागा हैदराबादला गेली. त्याआधी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ ला आवरला गेला. भारत एफसी एक हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्सही २०१७ नंतर वरच्या लीगमधून दिसेनासे झाले. चार क्लब! पैसा कुणी कमी घातला म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. यातला एक क्लब बंद झाला तेव्हा शहरातल्या किती घरांना चुटपूट लागली? ज्या संघात शेजारचा मुलगा नाही, वर्गातला मित्र नाही, तो गेला काय आणि राहिला काय. कॉलेजांनी या चार पाट्यांकडे बघून शहाणं व्हायला हवं होतं. त्यांनी नेमकं तेच छोट्या प्रमाणात सुरू केलंय.

गोव्याकडे बघा. धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आर्मांदो कुलासो प्रशिक्षक. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, सगळे गोव्याचे. गोल मारायला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, चेंडू पुरवायला ब्राझीलचा बेटो. हे दोघे एका हंगामाचे पाहुणे नव्हते. रँटी आठ वर्षं राहिला. गोंयकारांचा भक्कम कणा आणि त्यात मुरलेले दोन-तीन बाहेरचे. ही मांडणी मोठ्या क्लबला जमली, छोट्या कॉलेजला तर सहज जमावी.

आता 'स्थानिकच हवेत' म्हणणाऱ्यांशी दोन शब्द. पुण्याच्या फुटबॉलचा इतिहास तुम्ही विसरताय. पेठांत कबड्डी, खो-खो, क्रिकेट रुजलं. फुटबॉल वाढला कॅम्पात, खडकीत, घोरपडीत, रेंजहिल्सला. लष्कराच्या तुकड्यांत देशभरातून आलेल्या जवानांनी, रेल्वेच्या आणि दारूगोळा कारखान्याच्या वसाहतींतल्या मल्याळी, तमिळ, अँग्लो-इंडियन, गोवन कुटुंबांनी तो वाढवला. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या जवानांशी खेळून खेळून इथली पोरं तयार झाली. परप्रांतीयाला मैदानाबाहेर काढायचं ठरवलं तर पुण्याच्या फुटबॉलमध्ये फारसं काही उरत नाही.

आणखी एक आठवण करून द्यावीच लागेल, कडू असली तरी. ऑगस्ट २०१२. पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले, अफवा पसरल्या आणि भेदरलेली मुलं बॅगा घेऊन स्टेशनवर पोचली. शिकायला आलेली, नोकरीला आलेली मुलं. आपण त्यांना थांबवायला कमी पडलो. मणिपूर २०२३ मध्ये पेटलं तेव्हा त्याच मणिपूरची मुलं पुण्यातल्या खोल्यांतून घरी फोन लावत होती. या मुलांपैकी एखाद्याच्या पायात चेंडू चांगला चालतो म्हणून तेवढ्यापुरतं त्याला आपलं म्हणायचं आणि स्पर्धा संपल्यावर ओळख विसरायची, याची मला लाज वाटते. तुम्हालाही वाटावी.

उलट वागणूक कशी असते ते ऐझॉलने दाखवलं. २०१७ मध्ये ऐझॉल एफसीने आय-लीग जिंकली. छोटं शहर, छोटं बजेट, संघ बहुतांशी मिझो. पण प्रशिक्षक मुंबईहून गेलेला खालिद जमील, आणि संघात मुंबईचे आशुतोष मेहता आणि जयेश राणे. आपला राणे तिथे परप्रांतीय होता! मिझोरामने त्याला खेळवलं, विजेता केलं. मिझो मुलांना त्यामुळे संधी कमी पडली का? नाही, कारण त्यांच्याकडे स्वतःची लीग आहे, गावागावांत क्लब आहेत. अनिकेत खेळला त्या १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या भारतीय संघातल्या २१ जणांत आठ जण मणिपूरचे होते. २०११ च्या जनगणनेत मणिपूरची लोकसंख्या २९ लाखांच्या आत, एकट्या पुणे जिल्ह्याची ९४ लाख. तिथल्या मुलांचं रक्त वेगळं नाही. तिथे दर आठवड्याला सामना असतो. आपल्याकडे वर्षाला एक असतो, आणि मग आपण म्हणतो की स्थानिकांत दम नाही. महाराष्ट्राने संतोष करंडक शेवटचा १९९९-२००० च्या हंगामात जिंकला. २०१५-१६ मध्ये नागपूरला, आपल्याच अंगणात, अंतिम सामना सेनादलाकडून हरलो. त्या शेवटच्या विजयाला पंचवीस वर्षं उलटली. अजून किती फोन लावणार आहात?

एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त राग येतो, ती सांगतो. फी माफीचं आश्वासन तोंडी असतं. मुलगा आईबापांपासून दोन-अडीच हजार किलोमीटरवर येतो, भाषा येत नाही, जेवण पचत नाही, आणि ऑक्टोबरात चिखलात त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट जातो. पुढचं सत्र सुरू होतं. खेळत नाही म्हणून माफी बंद, हॉस्टेलची खोली दुसऱ्याला. एसीएलचं ऑपरेशन कोण करणार, फिजिओथेरपीचे सहा-आठ महिने कोण बघणार, याची एक ओळ कुठल्या कागदावर नसते. ज्या शहराला विद्येचं माहेरघर म्हणवून घ्यायला आवडतं, तिथल्या कॉलेजने अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाशी असं वागावं?

म्हणून मागण्या सरळ आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाने त्या यंदाच विचारात घ्याव्यात.

खेळाडू म्हणून फी माफी द्यायची तर ती पदवीच्या पूर्ण कालावधीची आणि लेखी द्या, दुखापत झाली तरी चालू राहणारी, आणि उपचाराचा विमा कॉलेजने काढलेला. ज्या कॉलेजने आणलेली निम्मी मुलं पहिल्या वर्षानंतर गळतात, त्या कॉलेजला पुढची दोन वर्षं अशी भरती बंद करा. पदकाच्या अर्जाबरोबर त्या मुलाची हजेरी आणि मागच्या सत्राचा निकाल जोडायला लावा. एटीकेटी असली तरी चालेल, तो परीक्षेला बसलेला दिसला पाहिजे. आणि कॉलेजच्या संघात एकविसाव्या वर्षानंतर पदवीला पहिल्यांदा प्रवेश घेतलेले किती जण खेळवायचे, याला मर्यादा घाला. यातल्या एकाही नियमात कुठल्या राज्याचं नाव येत नाही, कुणाचा डोमिसाइल लागत नाही.

मुलींच्या संघांना हे सगळं लागू करा, आणि त्यांची लीग मुलांच्या आधी सुरू करा. एका सामन्यात वर्ष संपण्याचा फटका त्यांना अधिक बसतो, कारण कॉलेजबाहेर खेळायला त्यांना क्लबही कमी आणि संध्याकाळची मैदानंही कमी.

मैदान नाही, ही सबब पुढे येईल हे मला ठाऊक आहे. रविवारी सकाळी पुण्यातल्या कॉलेजांची मैदानं एकदा फिरून बघा. काही लग्नाला दिलेली, काही क्रिकेटच्या कॉर्पोरेट स्पर्धांना, काही जाळी मारून तासाच्या भाड्याने टर्फ केलेली. ज्या मैदानाची फी विद्यार्थ्यांकडून जिमखान्याच्या नावाने घेतली जाते, ते त्याच विद्यार्थ्यांना रविवारी सकाळी सात ते एक मोकळं मिळालं पाहिजे. फक्त सात रविवार. सोळा कॉलेजांपैकी दोघांनी मैदान दिलं तरी लीग होते. रेफरींचं मानधन सोळा जणांत वाटलं तर एका कॉलेजच्या वाट्याला येणारी रक्कम बाहेरून आणलेल्या एका स्ट्रायकरच्या वर्षाच्या मेसबिलापेक्षा जास्त होणार नाही.

क्रीडा संचालकांच्या बैठकीत वार्षिक कार्यक्रम ठरतो. त्या बैठकीत एका संचालकाने उठून म्हणावं, 'आमचं मैदान घ्या, लीग लावा.' दुसऱ्याने अनुमोदन द्यावं. त्यासाठी कुठल्या मंत्रालयाची परवानगी लागत नाही आणि इंफाळला फोनही लागत नाही.